कोहळा नव्हे, कोहका

आमच्या प्रकाशनाच्या व्हिजिटिंग कार्डावर तीन गावं छापली आहेत : कोहका, पुणे, सॅन होजे. पुण्यात माझा मामेभाऊ राहतो आणि त्याच्या स्कूटरशेजारी आमचे चार गठ्ठे राहतात. सॅन होजेत भाचा राहतो. कोहक्यात पुस्तकं, मी आणि बायको राहतो. हा क्रम बायकोने लावलेला आहे. कार्डाच्या पाठीमागे 'देशविदेशांत वितरण' असं ठळक अक्षरांत आहे. हे शब्द मीच सुचवले, मीच मंजूर केले आणि छापून आल्यावर चष्मा लावून आणि चष्मा काढून, दोन्ही तऱ्हांनी बराच वेळ बघत बसलो.

प्रकाशनाचं नाव इथे देत नाही, उगाच जाहिरात नको. कुणी फारच आग्रह केला तर सांगेन. आजवर तसा आग्रह एकाच माणसाने केला आणि तो विजेच्या मीटरवरचं नाव तपासायला आला होता.

आमची पहिली अडचण म्हणजे गावाचं नाव. महाराष्ट्रातून येणारं निम्मं टपाल 'कोहळा, भिलाई' या पत्त्यावर येतं. फोनवर 'कोहका' म्हटलं की पलीकडून हमखास विचारतात, "कोकणात कुठेसं?" आवळा देऊन कोहळा काढायची म्हण आपल्याकडे आहे. पुस्तकांच्या धंद्यात ती उलटी चालते. कोहळा देत राहायचं, आणि कधी आवळा आलाच तर तो विक्रेत्याच्या कमिशनमध्ये वळता होतो.

दुसरा प्रश्न, "छत्तीसगडात मराठी वाचतं कोण?" याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं आहे. जानेवारी 1900. बिलासपूरच्या पुढचं पेंड्रा. तिथल्या राजकुमाराला शिकवणारा माधवराव सप्रे नावाचा तिशीही न गाठलेला मराठी माणूस 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढतो. जोडीला संपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघंही मराठी, रानाच्या तोंडाशी, खिशातले पैसे घालून! हे सांगताना माझा आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याला वाटावं, सप्रे, चिंचोलकर, लाखे आणि मी, अशी चौघांची भागीदारी होती.

"पण ते मासिक हिंदी होतं ना?" पलीकडून विचारतात.

"तीन वर्षांत बंद पडलं तेही सांगा," बायको आतून ओरडते.

दोन्ही खरं आहे. मासिक हिंदी होतं आणि 1902 च्या शेवटी बंद पडलं. सप्र्यांनी पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, 'हिंदी केसरी' काढला, तुरुंग पाहिला. माझं त्यांच्याशी साम्य एवढंच की पैसे आमचेही खिशातलेच जातात.

आता पाटीविषयी. भिलाईच्या पोलाद कारखान्याचं सेक्टरमधलं क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं, म्हणून माझ्यासारख्या पुष्कळांनी कोहका, जुनवानी, स्मृतीनगर या बाजूंना आधीच प्लॉट घेऊन ठेवलेले असतात. घर बांधलं, पुढची खोली प्रकाशनाला दिली, दारावर पाटी हवी. मजकूर मी लिहिला : 'वेगळी पुस्तके येथे मिळतील'. सुपेल्याच्या पेंटरने कागद उलटसुलट करून पाहिला.

"अंकल, ये आठ लेटा हुआ क्यों है?"

मी त्याला समजावलं की हा आठ नव्हे, हा ळ आहे. मराठीचा प्राण आहे. हिंदीवाल्यांना तो नाही म्हणून तर आम्ही वेगळे. 'वेगळे' म्हणताना मी ळ जरा जास्तच घोळवला. तो नम्रपणे "जी, जी" म्हणत राहिला. चार दिवसांनी पाटी आली. त्याने माझी चूक आपल्या परीने सुधारली होती. आठ उभा केला होता.

ती पाटी आजही आहे. बदलायला 900 रुपये सांगतात, तेवढ्यात दोन कवींना भेटप्रती जातात. शेजारची मुलं आमच्या घराला 'आठ नंबर' म्हणतात. आमचा घर नंबर 31 आहे.

ळचा विषय निघालाच आहे तर मला मॉस्कोला जाणं भाग आहे. बायको म्हणते की माझ्याशी कुठलाही विषय काढला तरी मी तिसऱ्या वाक्याला मॉस्कोला पोचतो. आज इतक्या परिच्छेदांनंतर पोचतोय, याची नोंद घ्यावी.

वडील भंडाऱ्याकडून 1960 मध्ये भिलाईला आले. कारखान्याची पहिली भट्टी आदल्या वर्षी पेटली होती आणि गावात रशियन इंजिनियर होते. रुळांचं पोलाद तर त्यांनी आम्हाला शिकवलंच, पण माझ्या लेखी रशियाने दिलेली खरी गोष्ट म्हणजे पुस्तकं. वडिलांचे एक युनियनवाले स्नेही मुंबईहून येताना लोकवाङ्मय गृहाकडची रशियन पुस्तकं घेऊन यायचे. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं! कापडी बांधणी, जाड पांढरा कागद, रंगीत चित्रांत बर्फ आणि अस्वलं, किंमत दोन-तीन रुपये. भिलाईच्या 45 अंशांच्या मे महिन्यात मी बर्फात हरवलेल्या पोरांच्या गोष्टी उघड्या अंगाने फरशीवर पालथा पडून वाचल्या. 'सोविएत देश' नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची वह्यांना कव्हरं घालायची, म्हणजे भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर आणि गणिताच्या वहीवर अंतराळवीर. गणितात अंतराळवीराचा काही उपयोग झाला नाही.

नंतर मोठेपणी कळलं की अनिल हवालदारांसारखी मराठी माणसं मॉस्कोत राहून ही भाषांतरं करत होती. तिथले जुळारी मराठी न कळता मराठी जुळवत असणार. एकेक खिळा, एकेक वेलांटी. आणि प्रत्येक ळ जागच्या जागी, व्यवस्थित आडवा झोपलेला! मॉस्कोला ळ होता आणि सुपेल्याला नाही, हे माझं आवडतं वाक्य आहे. मी ते तीन भाषणांत वापरलं आहे. मला आजवर तीनच भाषणांची आमंत्रणं आली आहेत.

देशविदेशांत पुस्तकं पोचवणं म्हणजे काय, हे त्या लोकांना ठाऊक होतं. त्यांच्यामागे अख्खं सरकार होतं, हा भाग सोडा. माझ्यामागे बायको आहे, पण ती वेगळ्या अर्थाने. आणि त्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर वाचकाला विनंती असायची की पुस्तक, भाषांतर, छपाई कशी वाटली ते आम्हाला कळवा. खाली पत्ता, झुबोव्स्की बुलेवार, मॉस्को. एवढा मोठा देश, अवकाशात माणसं पाठवणारा, आणि तो सेक्टर सहामधल्या सातवीतल्या पोराला विचारतोय, की कसं वाटलं? मी तीन पानी अभिप्राय लिहिला. गोष्ट चांगली आहे, अस्वलाचं चित्र उत्तम, पण शेवटी कुत्रा मरायला नको होता, पुढच्या आवृत्तीत बघावं. वडिलांकडे नेला. त्यांनी परदेशी टपालाचा खर्च पोस्टात विचारला आणि घरी येऊन म्हणाले, "बाळ, तिकिटं पुस्तकापेक्षा महाग आहेत."

प्रकाशन व्यवसायाचा पहिला धडा मला असा वयाच्या बाराव्या वर्षी मिळाला होता. मी तो विसरलो ही माझी चूक. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. डिसेंबर 1991 मध्ये तो देशच विसर्जित झाला, त्यामुळे आता पाठवायचं म्हटलं तरी कुणाला पाठवणार.

तर, मॉस्कोहून परत.

मी नोकरी केली रेल मिलच्या डिस्पॅचमध्ये. भिलाईचा रूळ एकसंध 130 मीटरचा निघतो, जोडून 260 मीटरचा पॅनल होतो, आणि तो वॅगनींवर वाकत वळणं घेत देशभर जातो. इराण, तुर्कस्तान, बांगलादेश इथेही भिलाईचे रूळ गेले आहेत. अशी कागदपत्रं हाताळण्यात उमर गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर पुस्तकं काढायची ठरवली तेव्हा डिस्पॅचची मला काडीची काळजी वाटली नाही. 260 मीटरचा रूळ पाठवणारा माणूस 260 पानांचं पुस्तक पाठवू शकणार नाही? घरातल्या सगळ्यांना मी हे वाक्य ऐकवलं. मुलीने ते लिहून ठेवलं आहे आणि दर वाढदिवसाला मला वाचून दाखवते.

रूळ हरवत नाही. त्याला कुणी 'वाचून कळवतो' म्हणत नाही, आणि तीन वर्षांनी कोपरे दुमडून 'विक्री नाही, परत' असा शेरा मारून पाठवतही नाही.

पुस्तकासाठी एकच आधार होता, रजिस्टर्ड बुक पोस्ट. पाच किलोचा गठ्ठा 80 रुपयांच्या आसपास, देशात कुठेही. खाकी कागद, सुतळी, एक बाजू उघडी ठेवायची म्हणजे आत पुस्तकच आहे हे दिसावं. दाभणाने गठ्ठा शिवायची कला मी यासाठी शिकलो. पोस्टातली मुलगी मला बघून काटा आधीच शून्यावर आणून ठेवायची. डिसेंबर 2024 मध्ये एक दिवस तिने काटा शून्यावर आणला आणि म्हणाली, "अंकल, सिस्टम में बुक पोस्ट दिखा ही नहीं रहा." आम्ही दोघांनी पडद्यावर वरून खाली, खालून वर शोधलं. नव्हतंच. बुक पोस्ट बंद झालं होतं. वर्तमानपत्रांत ती बातमी आत कुठेतरी आली, आणि आमच्यासारख्यांच्या घरी मात्र दुखवट्यासारखी आली. 

इथे मला थोडं चिडू द्या. दोनशे रुपयांचं पुस्तक गडचिरोलीच्या शाळेत पाठवायला शंभराच्या वर खर्च आला, तर शाळा पुस्तक मागवणार नाही. ती तक्रारही करणार नाही, नुसतीच मागवणार नाही. लेखक म्हणेल वाचक राहिले नाहीत, वाचक म्हणेल पुस्तकं महागली, आणि मधली ती सुतळीची पाच रुपयांची गाठ सुटली हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. पुण्या-मुंबईतल्या चर्चासत्रांत 'वाचनसंस्कृती' हा शब्द फार ऐकतो. ती संस्कृती गावोगाव पोचत होती पोस्टमनच्या खाकी पिशवीतून, आणि त्या पिशवीवर चर्चासत्र मी ऐकलेलं नाही.

झालं, चिडलो. पुढे 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोला 100, कर वेगळा. नाव जरा भारी आहे. आमचे काही कवितासंग्रह त्या नावाखाली पाठवताना संकोच होतो. पण त्याची एक अट मला मनापासून आवडली. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. म्हणजे भारतात निदान एका काउंटरवर तरी आमच्या प्रकाशनाचं नाव वाचून बघणं आता कर्मचाऱ्याचं कर्तव्य आहे.

विदेशांतलं वितरण हा माझ्या अभिमानाचा खास प्रांत. सॅन होजे हे गाव मी भाच्यामुळे निवडलं असलं तरी सांगताना वेगळं सांगतो. पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन 2009 मध्ये तिथेच झालं, डॉ. गंगाधर पानतावणे अध्यक्ष होते. 2024 च्या जूनअखेरीला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही तिथेच. तेव्हा आमचं विदेशी कार्यालय सॅन होजेत असणं ओघानेच आलं. भाच्याला हे कार्यालय आपण आहोत हे कार्ड बघून कळलं.

त्याच वर्षी तो उन्हाळ्यात आला होता. 23 किलोच्या दोन बॅगा. मी 40 पुस्तकं काढून ठेवली. बहिणीने भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, आंब्याचं लोणचं आणि साटं काढून ठेवली. काटा मधे ठेवून वाटाघाटी झाल्या. मी म्हणालो, पदार्थ पोटात जातील, पुस्तक डोक्यात जाईल. बहीण म्हणाली, "दादा, तुझं पुस्तक कुणाच्या डोक्यात जातं ते मला माहीत आहे, पण पोराला उपाशी ठेवू नकोस." शेवटी 12 पुस्तकांवर तडजोड झाली आणि त्यांतली चार कुरडयांना आधार म्हणून बॅगेच्या कडेने उभी लावण्यात आली. एकही कुरडई मोडली नाही. त्या पुस्तकांच्या बांधणीची याहून मोठी पावती मला मिळालेली नाही.

भाच्याचा फोन आला, "मामा, सगळी गेली!" मी त्या रात्री झोपलो नाही. अमेरिकेत मराठी कवितेला बाजार आहे, ही गोष्ट पुण्याच्या भल्याभल्यांना उमगली नव्हती ती मला उमगली. सकाळी उठून दुसऱ्या आवृत्तीचा हिशेब मांडला. आठवड्याने एका बाईंचा इमेल आला. मजकूर प्रेमळ होता. पुस्तक सुंदर आहे, पण पान 43 वर हिंगाचं प्रमाण दिलेलं नाही. त्या कवितासंग्रहाच्या नावात 'फोडणी' हा शब्द आहे.

मी हे कवीला सांगितलेलं नाही. त्याला एवढंच माहीत आहे की तो अमेरिकेत वाचला जातो. त्याने तसं आपल्या परिचयात घातलंय आणि ते खोटं म्हणता येणार नाही.

या यशाने माझी भीड चेपली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2025 मध्ये, मी नऊ पुस्तकांचा गठ्ठा रीतसर टपालाने अमेरिकेला धाडला. नेमकं त्याच वेळी अमेरिकेने लहान पार्सलांवरची आयातशुल्काची सूट काढून घेतली आणि 25 ऑगस्टपासून भारतातून तिकडे जाणारं बहुतेक टपाल थांबलं. 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. तोवर माझा गठ्ठा मुंबई पाहून कोहक्याला परत आला होता. दोन जागतिक महासत्तांनी माझ्या आयुष्यात लक्ष घातलं, एकीने पुस्तकं पाठवली आणि दुसरीने ती अडवली, असं मी मंडळाच्या गणपतीत सांगितलं. लोक हसले. मी ते गंभीरपणे सांगत होतो.

स्वदेशातलं वितरण म्हणजे संमेलनं. एका संमेलनात आम्ही स्टॉल घेतला. मांडवाच्या शेवटच्या रांगेत, पण आमच्या मागच्या खांबाला विजेचा चालू सॉकेट होता. पहिल्या दिवशी एका तरुणाने विचारलं, "काका, जरा चार्ज करू?" दुसऱ्या दिवशी रांग लागली. माणसं फोन लावायची आणि तो भरेपर्यंत पुस्तकं चाळायची. एक गृहस्थ 14 टक्क्यांवर आले आणि आमची एक कादंबरी उभ्या उभ्या 62 टक्क्यांपर्यंत वाचून गेले. संध्याकाळी येऊन उरलेलीही वाचली. तीन दिवसांत 17 पुस्तकं खपली, त्यांतली पाच शेजारच्या स्टॉलवाल्याने संकोचाने घेतली, कारण त्याच्या तिघाही पोरांचे फोन आमच्याकडे होते.

आणि मग 2025 चा तो सप्टेंबर. रायपुरात हिंदी लेखक विनोद कुमार शुक्ल यांना 'दीवार में एक खिड़की रहती थी' या एका कादंबरीच्या सहा महिन्यांच्या मानधनाचा 30 लाखांचा धनादेश हिंद युग्म प्रकाशनाने जाहीर कार्यक्रमात दिला. रायपूर इथून 30 किलोमीटरवर. बायकोने ते वर्तमानपत्र माझ्या चहाशेजारी ठेवलं आणि काही बोलली नाही; लग्नाच्या 36 वर्षांत इतकं भेदक ती काही बोललेली नाही. मला खरोखर आनंद झाला होता, कारण शुक्लजी आमच्याच बाजूचे, राजनांदगावचे. पण तो आनंद दहा वाजेपर्यंत टिकला. दहाला फोन सुरू झाले. आमचे एकूण 11 लेखक आहेत आणि अकराही जण वर्तमानपत्र वाचतात, हे मला त्या दिवशी कळलं. ते आमची पुस्तकं का वाचत नाहीत हा प्रश्न मी गिळला. त्या वर्षी आमचं सर्वांत मोठं मानधन 186 रुपयांचं होतं. ते मी फोनवरून पाठवलं तेव्हा कवीने हात जोडल्याचं चित्र उलट पाठवलं होतं. उपरोध की कृतज्ञता, ते त्या चित्रावरून कळत नाही.

पण त्या अकरांतल्या एकाने फोन केला नाही. बालाघाट जिल्ह्यातले एक निवृत्त गुरुजी, वय 81. त्यांनी धानाच्या शेतीतले शब्द गोळा केले होते. बांधी, धुरा, परे, रोवणा, तणस, प्रत्येकाला दोन-चार ओळी, कुठे एखादी आठवण. हाताने लिहिलेल्या दोन वह्या. मी पुस्तक स्वीकारलं आणि चौदा महिने बाजूला ठेवलं. कारण सांगतो, खरं कारण. सॅन होजेत रोवणा कोण विचारणार, असं मला वाटलं. माझं लक्ष विदेशाकडे होतं आणि फोडणीची दुसरी आवृत्ती छापायला टाकली होती.

गुरुजींचं दर दोन महिन्यांनी पोस्टकार्ड यायचं. मजकूर तोच : 'घाई नाही.' शेवटच्या कार्डावर अक्षर थरथरलेलं होतं. घाई नाही.

पुस्तक तयार झालं तेव्हा मी ते टपालाने पाठवलं नाही. 50 प्रतींचा गठ्ठा केला, दुर्गला गोंदियाची गाडी धरली. राजनांदगाव आलं तसं दरवेळी होतं तेच झालं, गजानन माधव मुक्तिबोध आठवले. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून शिकवत होते. मराठी घरातला मुलगा, हिंदीतला एवढा कवी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. गजानन माधव गेले 11 सप्टेंबर 1964 ला आणि त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह निघाला त्याच वर्षी, ते गेल्यानंतर. कुणाची चूक काढायला मी बसलेलो नाही. मी फक्त गठ्ठ्यावर हात ठेवून बसलो होतो आणि डोंगरगड येईपर्यंत मला थुंकी गिळवत नव्हती.

गुरुजी ओसरीत बसले होते. जिवंत. मी इतका मोठा नमस्कार केला की ते दचकले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, आधी किंमत पाहिली आणि म्हणाले, "प्रकाशकसाहेब, जरा जास्त नाही का ठेवली?" मग भिंग मागवून वाचायला लागले. दहाव्या मिनिटाला थांबले. पान 27. छापखाना रायपूरचा, जुळणी करणारा हिंदी, आणि माझ्या डोळ्यांखालून तीन मुद्रितं गेलेली असूनही 'डोळा' शब्दाचा 'डोला' झाला होता. मी ळवरचं भाषण करण्याच्या बेतात होतो. सुपेल्याचा पेंटर, झोपलेला आठ, मॉस्को, सगळं सांगून टाकलं.

गुरुजी हसले. म्हणाले, "आमच्या झाडीबोलीत ळ नाहीच ना जी. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो. काळ्याला कारा. तुमचा पेंटर काही वाईट नाही."

डोरा.

माझी आजी भंडाऱ्याची. उन्हाळ्यात भिलाईला यायची तेव्हा मी फरशीवर पडून मॉस्कोचं पुस्तक वाचत असायचो, आणि ती म्हणायची, "बाबू, डोरे फोडशील का?" आणि मी, सातवीतला, पुस्तकातला आडवा ळ तिच्यापुढे धरून तिला म्हणायचो, आजी, डोरे नाही, डोळे. म्हण, डोळे. ती दोन-तीनदा प्रयत्न करायची. मग माझ्यासमोर तो शब्दच बोलेनाशी झाली.

डोरा हा शब्द गुरुजींच्या पुस्तकात नाही. धानाशी त्याचा संबंध नाही म्हणून त्यांनी घेतला नव्हता. मी त्यांना म्हटलं, दुसरी आवृत्ती काढू, सगळे शब्द घालू, डोरासुद्धा. ते म्हणाले, "पहिली तर खपू द्या." मग आतून सुनेला हाक मारून पैसे मागवले, पाच प्रतींचे, पूर्ण किमतीने. मी नको म्हणत होतो, सवलत तरी घ्या म्हणत होतो. त्यांनी नोटा माझ्या खिशात कोंबल्या. आमच्या प्रकाशनाच्या इतिहासात सवलत न मागता पैसे देणारा हा एकमेव माणूस, आणि तो लेखक.

उरलेल्या 45 प्रती परतीच्या गाडीत आणल्या. त्यांतल्या सहा गेल्या : दोन गोंदियाच्या एका ग्रंथालयात, एक डब्यातल्या धानाच्या व्यापाऱ्याने घेतली, एक पोस्टातल्या मुलीला दिली, एक पेंटरला. सहावी भाच्याला. त्याने अजून कळवलेलं नाही.

आता तुमच्याकडे एक विनंती. आमची एखादी भेटप्रत 'सप्रेम, अभिप्रायार्थ' असं लिहिलेली तुमच्या कपाटात न उघडता पडली असेल, तर ती परत पाठवा, मी दुसऱ्या कुणाला देईन. ज्ञान पोस्टाने 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये लागतात. पत्ता कोहका, भिलाई, जिल्हा दुर्ग. दारावर आठ आहे.